लाडूचे पान

काल पहाटे समोरच्या घरापुढच्या रांगोळीत, मधोमध, शेणाच्या गोळ्यात खोवलेले भोपळ्याचे पिवळे फूल दिसले. मार्गळी लागली, तमिळांचा मार्गशीर्ष. आमच्या घरात कॅलेंडरे तीन आहेत, तिन्ही मी वेळेवर उलटते, तरी हा महिना आला हे मला दरवर्षी ते फूलच सांगते. मग हळूहळू बाकीचे सगळे जमत जाते. देवळाचा भोंगा सूर्याच्या आधी उठतो. फरशी पायाला गार लागते. कावेरीकडून धुके येते आणि आमच्या कुंभकोणमच्या गल्लीत शिरल्यावर कुठे जायचे ते विसरल्यासारखे थांबून राहते. प्रसादाच्या पोंगल खिचडीतल्या मिऱ्याचा आणि तुपाचा वास शेजारच्या घरात आधी जातो, मग आमच्याकडे येतो.

मी दूध तापत ठेवले आणि सवयीने कोठाराच्या दाराकडे बघितले. दार लोटलेले होते. लोटलेलेच राहू दिले.

तुळजा, रघू, तुमच्याकडे मेलबर्नला आता कडक उन्हाळा असेल. तुम्हाला ही थंडी आठवत असेल की नाही कोण जाणे. तुमचे आजोबा तिला थंडी म्हणतात आणि कानाला मफलर गुंडाळतात, फोनवर तुमचे बाबा हसतात. पण लाडूला ती खरीच थंडी वाटते. गेल्या वर्षीच्या मार्गळीत ते मला कळले, आणि त्याबरोबर आणखीही काही कळले. ते लिहून ठेवावे असे वर्षभर मनात होते.

लाडू आमच्याकडे आला तो तुमच्या विमानाच्या आदल्या आठवड्यात. तुम्हाला मी वेगळे सांगायला नको, पण पुढे हे वाचणाऱ्या तुमच्या मुलांसाठी सांगते: लाडू म्हणजे बॉल पायथन, आफ्रिकेकडच्या जातीचा लहानखुरा अजगर. विषारी नाही. जन्म मात्र चेन्नईतल्या एका पाळणाऱ्याच्या घरातला, आणि त्याचे सरकारी कागद माझ्या कागदांपेक्षा नीट लावलेले. घाबरला की तो डोके मधोमध घेऊन स्वतःचा गोळा वळतो. तो गोळा बघून तुळजाने नाव ठेवले, लाडू. ऑस्ट्रेलियात असा साप नेता येत नाही. तुळजा दोन दिवस जेवली नाही. मग मी म्हटले, "माझ्याकडे दे. तू येशील तेव्हां तो ह्याच घरांत असेल."

वचन देताना मी त्याच्या जेवणाचा विचार केला नव्हता. आम्ही चातुर्मासात कांदादेखील घरात न आणणारी माणसे. मागच्या व्हरांड्यात एक छोटा फ्रीज आला, त्यात पाकिटांत बांधलेले गोठवलेले उंदीर. त्याला मी पांढरी पट्टी लावून 'लाडू' असे लिहिले, चिमट्याला लाल दोरा बांधला, पातेले वेगळे केले. आजोबांनी त्या फ्रीजला 'लाडूची खानावळ' नाव दिले आणि त्याच्या दिशेला बघणे सोडून दिले. पुष्कळांनी मला विचारले की तुमच्यासारख्या बाईला हे कसे जमते. जमते. ज्याला जे लागते ते त्याला द्यावे. आपल्याला जे आवडते ते देणे फार सोपे असते.

आणि त्याने ते घेतले नाही.

आता मला हसू येते, पण बघा, मी काय काय केले होते. लाडूची काचेची पेटी मी दिवाणखान्यात ठेवली होती, टीव्हीच्या शेजारी, फॅमिली फोटोंच्या खाली. आजोबा म्हणाले होते, "अग, त्याला मागें कोठेंतरी ठेवूं की."

"पाहुणा आलाय. पाहुण्याला कोणी अडगळींत ठेवतें?"

आमच्या घरची ही जुनी रीत. आलेल्याला मधल्या जागी बसवायचे, आणि जेवणाऱ्याला एकटे सोडायचे नाही. पान वाढले की कोणीतरी समोर बसतेच. आजोबा जेवतात तेव्हा मी बसते, मी जेवते तेव्हा ते बसतात, आणि एकजण गावाला गेला तर दुसऱ्याच्या समोर सेल्वी येऊन उभी राहते. सेल्वी आमच्याकडे कामाला आहे त्याला इतकी वर्षे झाली की तीही आता जेवणाऱ्याला आमच्या मराठीत "घे की, घे की" म्हणते. पूर्वज तंजावरला आले तेव्हा बरोबर काय काय घेऊन आले असतील माहीत नाही. पण हा आग्रह नक्की आणला. भाषा अर्धी तमिळ झाली, स्वयंपाकात चिंच शिरली, आग्रह मात्र जसाच्या तसा आहे.

तेव्हा मी उंदीर कोमट पाण्यात नीट गरम करायची, केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवायची, पान पेटीत सरकवायची आणि समोर खुर्ची घेऊन बसायची. चेन्नईच्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितले होते की रोज रोज देऊ नका, मध्ये दिवस जाऊ द्या. ते मी तंतोतंत पाळले. बसू नका असे त्यांनी सांगितले नव्हते. त्यांना बिचाऱ्यांना कुठून सुचणार?

लाडू गोळा करून बसायचा. मी चष्मा सारखा करून बघायची. आजोबा पेपर खाली करून बघायचे. सेल्वी केरसुणी हातात धरून दारातून बघायची. समोरच्या मामी कॉफी प्यायला आल्या की त्याही बघायच्या.

"जीभ काढली!" आजोबा सांगायचे.

"हळू बोला."

"त्याला कान नाहींत म्हणून तूंच सांगितलेंस नव्हें?"

"कान नसले म्हणून काय झालें, तुमचा आवाज त्याला फरशीतून कळतो."

सेल्वीचे मत होते की त्याला दूध द्यावे. तिच्या गावच्या वारुळाला बायका शुक्रवारी दूध घालतात. साप दूध पीत नाही हे मी तिला इंग्रजी पुस्तकातले चित्र दाखवून समजावले. तिने चित्र बघितले, पेटीकडे बघितले, आणि म्हणाली, "तो उंदीर पण खात नाही की, अम्मा." मी पुस्तक मिटले.

तुळजा, तुझा फोन यायचा तो याच वेळी, तुझी संध्याकाळ आणि आमची दुपार. पडद्यावर तुझा चेहरा उगवायचा आणि आपण दोघी एकदम एकच प्रश्न विचारायचो.

"जेवलीस का?"

"जेवला का?"

लाडू जेवलेला नसायचा. आणि तुझी आई मागून ओरडून सांगायची की नव्या शाळेतून डबा भरलेलाच परत येतो. तू म्हणायचीस, "अम्मा, सांगू नको ना!" तोंड बाजूला करायचीस. मी डब्यात काय द्यावे याच्या सूचना सुरू करायची. इडलीला मिळगाय पोडीची तिखट चटणी लाव, पोळीची गुंडाळी कर, दहीभात दे पण डाळिंबाचे दाणे घालून दे. माझे बोलणे संपेपर्यंत पडद्यावर नुसते छत दिसत असायचे.

लाडूचे वजन मी आठवड्याला घ्यायची. ते हळूहळू उतरत चालले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोंगलपर्यंत," म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, "बघू. उतरतच राहिले तर इकडे पाठवून द्या. नळीने भरवावे लागेल, आणि मग तो इथल्याच कोणाकडे राहिलेला बरा. प्रवास पुन्हा पुन्हा झेपणार नाही." म्हणजे तो जाणार, तो कायमचाच. मी हे तुळजाला सांगितले, कारण तिच्यापासून लपवणे मला बरे वाटले नाही. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "पण तू म्हणाली होतीस, आजी."

ते वाक्य मी कित्येक दिवस पदराच्या गाठीसारखे घेऊन हिंडले. वेलदोडे निवडताना, तुळशीला पाणी घालताना, रांगोळीचे ठिपके मोजताना. एकदा ठिपके चुकले. माझे ठिपके चुकत नाहीत.

वैकुंठ एकादशी आली. आम्ही दोघांनी उपास केला. आजोबा पेटीपुढे उभे राहून म्हणाले, "आमची उद्यां सुटेल. तुझी एकादशी कधीं सुटायची रे बाबा?"

दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे पापनाशमला, रुक्माक्काकडे. रुक्माक्का म्हणजे आजोबांची चुलत बहीण, माझ्याहून मोठी, आणि आमच्या सगळ्या कुळात आग्रहाच्या बाबतीत पहिली. पहाटेच्या बसने गेलो. खिडकीबाहेर भातशेते पिवळी पडू लागली होती आणि त्यांच्यावर धुके इतके खाली बसले होते की बगळे गळ्यापर्यंत त्यात बुडालेले. रुक्माक्काच्या घरात शिरतानाच हादग्याच्या पाल्याचा कडसर वास आला. पारण्याला ती भाजी आणि दह्यातली आवळ्याची पच्चडी हवीच. उपाशी पोटाला आधी तेच घालायचे.

पहिल्यांदा मी मनापासून जेवले. दुसऱ्यांदा रुक्माक्काच्या शब्दासाठी. मग ती खिरीचे पातेले घेऊन आली आणि माझ्या पानासमोर उभी राहिली.

"अक्का, पुरे. खरेंच पुरे."

"एवढेंच? काय ग कमळा, कुंभकोणम्‌ला ह्यापेक्षां चांगली खीर करतात की काय?"

"तसें नव्हें..."

"मग घे की! उपासाचें माणूस तूं." तिच्या दोन सुना आणि एक नात बाजूला उभ्या राहून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. डाव खाली येऊ लागला. मी काय करते आहे हे मला कळायच्या आत मी पुढे वाकले, दोन्ही हात पानावर आडवे धरले, कोपरे जवळ घेतली, आणि मान खाली, अगदी हातांच्या मध्ये घातली.

आणि तशीच राहिले. कारण त्या क्षणी मला कोणाची आठवण झाली ते तुम्ही ओळखलेच असेल. डोके मधोमध, अंगाचा गोळा, आणि वरून बघणारी चार माणसे.

"काय झालें ग?" रुक्माक्का घाबरली. "चक्कर आली?"

"नाहीं अक्का," मी पानात तोंड घालूनच म्हटले, "लाडू आठवला."

"अग बाई, लाडू हवा होता? मग सांगायचें नाहीं का आधीं!" आणि ती खरोखरच डबा आणायला धावली. आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

परतीच्या बसमध्ये ते झोपले. मी जागी होते. मला आमच्या कोठारातला अंधार आठवत होता.

मी लग्न होऊन कुंभकोणमला आले ती कोइंबतूरच्या कॉन्व्हेंटमधून. आमच्या माहेरी माणसे मोजकी, टेबलावर जेवणारी. इथे पहिल्या दिवशी माझ्या पानाभोवती घरातल्या आणि शेजारच्या सगळ्या बायका बसल्या. नवी सून काय खाते, कसे खाते, भाताचा घास केवढा घेते. "घे की, घे की." माझा घास तोंडात फिरत राहायचा, खाली उतरायचा नाही. दुसऱ्या दिवशी तसेच, तिसऱ्या दिवशी तसेच. भूक नव्हती असे नाही. भूक होती, आणि ती सगळ्यांसमोर होती, म्हणून खाता येत नव्हते.

मग एका दुपारी सासूबाईंनी, तुमच्या पणजीने, मला कोठारातून चिंच आणायला पाठवले. सासूबाई कडक होत्या. माझ्याशी त्यांचे बोलणे मोजून दोन वाक्यांचे. कोठारात खिडकी नव्हती. तांदूळ, चिंच, गूळ, जुन्या मडक्यांचा थंड मातकट वास. डोळे सरावले तेव्हा दिसले, तांदळाच्या कणगीमागे एक ताट झाकून ठेवलेले होते. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा: "मी कोविलला," म्हणजे देवळात, "जाऊन येतें. येईपर्यंत चिंच निवडून ठेव. दार लोटून घे, मांजर शिरतें." मांजर आमच्या गल्लीत नव्हते.

मी त्या अंधारात, कणगीला पाठ लावून, ताट मांडीवर घेऊन जेवले. चिंचगुळातला कायरस होता, भात होता, लोणच्याची फोड होती. त्याची चव मला अजून सांगता येते. त्या परत आल्या, ताट धुतलेले बघितले, आणि निवडलेली चिंच उचलून आत गेल्या. त्या दिवसापासून ते माझे घर झाले. पुढे आयुष्यभर मी त्याच घराच्या रीतीने दुसऱ्यांच्या पानासमोर बसत आले, आणि कोठारातली ती दुपार मी फक्त त्यांची माया म्हणून आठवली, रीत म्हणून कधी आठवली नाही. गंमत आहे ना?

घरी येऊन मी चपला काढल्या आणि आजोबांना म्हटले, "पेटी उचलायची आहे."

"कोठें?"

"कोठारांत."

"पाहुण्याला अडगळींत?" त्यांनी ते वाक्य इतके दिवस जपून ठेवले होते.

"पाहुणा नव्हें. घरचा आहे."

कोठार आता तेवढे भरलेले नसते. एक तांदळाचा डबा, गॅसचे जास्तीचे सिलिंडर, सणाची भांडी. आजोबांनी वायर ओढून लाडूच्या उबेच्या गादीला वीज दिली. सेल्वीने, स्वतः उंबऱ्याबाहेर उभी राहून, काय कुठे ठेवावे ते सांगितले. लाडूला लपायला आम्ही दुकानातला मोठा प्लॅस्टिकचा खडक दिला होता, चांगला ऐसपैस. तो मी काढला. भोगीला जुनी मडकी टाकून देतात. गेल्या पोंगलचे एक मडके, काठाला कपची उडालेले, टाकण्यासाठी बाजूला ठेवलेले होते. ते मी राखले. आडवे करून पेटीत ठेवले. लाडूने त्याच्या काठाला जीभ लावली, आत डोकावला, आणि हळूहळू, जणू कोणी त्याला आतून ओढून घेत आहे असा, सगळाच्या सगळा आत गेला. चारी बाजूंनी मडके त्याच्या अंगाला लागत होते. घट्ट. रघू लहानपणी गाद्यांच्या चळतीत शिरून झोपायचा, तसा.

पेटीवर मी माझे जुने सुती लुगडे पांघरले, आणि त्याला काही दिवस तसाच राहू दिला. भोगीच्या संध्याकाळी, गल्लीत जुन्या चटया जळाल्याचा धूर अजून रेंगाळत होता तेव्हा, उंदीर गरम केला. पानाचा तुकडा मडक्याच्या तोंडाशी ठेवला. आणि मग, तुम्हाला हसू येईल, मी मोठ्याने म्हटले, "मी कोविलला जाऊन येतें." दार लोटले. आणि खरेच गेले.

देवळात माझे लक्ष नव्हते हे देवाला माहीत आहे. परत आल्यावर दार उघडणे सगळ्यात अवघड होते, म्हणजे न उघडणे. आजोबा म्हणाले, "एकदां बघूं की, नुसतें फटीतून."

"नाहीं."

"मी बघतों, तूं बघूं नको."

"बसा खालीं."

पोंगलची सकाळ झाली. अंगणात नवे मडके चुलीवर चढले, त्याच्या गळ्याला हळदीचे रोप बांधलेले, उसाची कांडी दोन्ही बाजूला. दूध वर आले, उतू गेले, सेल्वी आणि आजोबा "पोंगलो पोंगल!" ओरडले, शेजारच्या घरांतूनही तीच आरोळी आली. मी गूळ घातला, तूप घातले, सूर्याला नैवेद्य दाखवला. सगळ्यांची पाने वाढली. मग हात धुऊन, पुसून, कोठारात गेले आणि लुगड्याचा कोपरा उचलला.

केळीचे पान रिकामे होते. त्याच्यावर उंदराचा एक केस नव्हता. मडक्यात लाडू गोळा करून होता, पण हा गोळा वेगळा होता: सैल, वर डोके टेकवलेले, आणि अंगाच्या मध्यावर एक समाधानी फुगवटा. त्याने माझ्याकडे बघितले की नाही सांगता येत नाही. मी पान उचलले. पदर डोळ्याला लावला तो धुरामुळे, असे मी आजोबांना सांगितले. धूर अंगणात होता.

तुळजाला फोन लावला. तिने विचारण्याआधी रिकामे पान पडद्यासमोर धरले. ती किंचाळली. रघूने विचारले की लाडूने तोंड धुतले का.

त्या दिवशी मी तिला, जेवलीस का, हे विचारले नाही. मुद्दाम नाही विचारले. जिभेच्या टोकावर आले होते, सवय इतक्या वर्षांची. पुढच्या फोनलाही नाही विचारले. डब्याच्या सूचना नाहीत, पोडी नाही, डाळिंब नाही. आम्ही नुसते बोलायचो, मडक्याबद्दल, तिच्या चित्रांबद्दल, तिथल्या काळ्या पांढऱ्या पक्ष्यांबद्दल. तुमच्या आईलाही मी सांगितले की डबा परत आला तर मुकाट्याने धुऊन ठेव. तिने मला वेड लागले असे समजून ऐकले.

सुटी संपून शाळा उघडली, आणि काही आठवड्यांनी तुळजाने आपणहून, दुसरेच काही सांगता सांगता, सांगितले: "शाळेत लायब्ररीच्या मागे एक जिना आहे ना, आजी, त्याच्या खाली कोणी येत नाही. मी तिथेच खाते. आज दहीभात होता." आणि लगेच पक्ष्यांवर गेली. मीही पक्ष्यांवर गेले. पण फोन ठेवल्यावर मी कोठारात जाऊन थोडा वेळ उभी राहिले. आता त्या जिन्याखाली तुळजाबरोबर आणखी एक मुलगी बसते असे ऐकते. बसू दे. तिचे नाव मी विचारलेले नाही.

आता पुन्हा मार्गळी आली आहे आणि थंडीची चाहूल लागल्यापासून लाडूने पुन्हा खाणे बंद केले आहे. यंदा डॉक्टरीणबाईंना काळजी नाही, मलाही नाही. पोंगलपासून तो वर्षभर नीट जेवला, कात टाकली, अंगाने भरला. थंडीत त्याच्या जातीचे पुष्कळ असेच उपास करतात म्हणे. आजोबा त्याला सोवळ्यातला म्हणतात. समोरच्या मामी येतात, कॉफी पितात, आणि लोटलेल्या दाराकडे बघून नुसती मान हलवतात. रुक्माक्काचा निरोप आहे की द्वादशीला या, यंदा लाडू करून ठेवते.

आज त्याच्या जेवणाचा वार. मघाशी पान ठेवले, लुगडे सारखे केले, कोविलला जाते म्हणून सांगितले आणि गेले नाही. इथे दिवाणखान्यात कोठाराकडे पाठ करून लिहायला बसले. आतून आवाज नाही. आजोबा समोर पोळी खात आहेत, आणि मी त्यांच्याकडेही बघत नाही म्हणून थोडे रुसले आहेत.

आणि मुलांनो, एवढी पाने लिहिली, त्यांत तुम्ही जेवलात का म्हणून मी एकदाही विचारलेले नाही. तुमच्या लक्षात आले असेलच.